वखारीची पावती आणि लहान शेतकरी

सुगीच्या दिवसांत धान्य स्वस्त व्हावें आणि पेरणीच्या दिवसांत तेंच धान्य महाग व्हावें, हा अनुभव आपल्या देशांतील शेतकऱ्यास नवा नाहीं. विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, ज्याच्या श्रमानें तें धान्य पिकलें, तो स्वस्ताईच्या वेळीं विकणारा असतो आणि महागाईच्या वेळीं पुष्कळदां तोच विकत घेणारा होतो. त्यास व्यवहार कळत नाहीं असें मुळींच नाहीं. भाव पुढें चढण्याचा संभव आहे हें तो व्यापाऱ्याइतकेंच जाणतो. परंतु थांबण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं नसतें. बियाण्याची व खताची उधारी, मजुरांची मजुरी, मळणीयंत्राचें भाडें, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, मुलांची फी, दिवाळीचा खर्च, हीं सर्व देणीं एकाच वेळीं दारांत येऊन उभीं राहतात. मग खळ्यावरची रास घरांत न येतां थेट आडत्याच्या दुकानीं जाते.

२०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें भारतांतील शेंकडा ८६ शेतकरी दोन हेक्टरांहून कमी जमीन कसणारे आहेत. सरासरी जमीन देशांत १.०८ हेक्टर आणि आपल्या महाराष्ट्रांत १.३४ हेक्टर इतकीच पडते. तेव्हां हा प्रश्न थोड्या लोकांचा नव्हे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचाच तो आहे. या अडचणीवर जे उपाय सुचविण्यांत आले, त्यांपैकीं वखारीची पावती हा एक होय. हा उपाय कसा चालतो, त्यांत लाभ किती व धोका कोणता, आणि तो टिकावा म्हणून काय काय असावें लागतें, याचा विचार येथें करूं.

१. कोठाराची किल्ली कोणाच्या हातीं?

धान्य सांठविण्याची कल्पना फार जुनी आहे. योसेफाची कथा आपण सर्वांनीं उत्पत्तीच्या पुस्तकांत वाचली आहे. सुकाळाच्या सात वर्षांत त्यानें मिसर देशाच्या पिकाचा पंचमांश कोठारांत भरून ठेविला आणि पुढील सात वर्षांच्या दुष्काळांत तो देश वांचला. ही कथा सांगतांना बहुधा आपण येथेंच थांबतों. परंतु त्याच पुस्तकाच्या ४७ व्या अध्यायांत पुढील भाग आहे. कोठारांतील धान्य फारोच्या मालकीचें असल्यामुळें तें विकत घेतां घेतां लोकांचे पैसे संपले, मग गुरें गेलीं, आणि शेवटीं जमिनीही फारोच्या झाल्या. लोक जगले खरे. पण स्वतंत्र राहिले नाहींत.

यावरून एक धडा घेण्यासारखा आहे. कोठार असणें पुरेसें नाहीं. कोठारांत गेलेलें धान्य कोणाचें राहतें, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे सावकार धान्य सवाई-दिढीनें देत असे, म्हणजे पेरणीला एक मण घेतलें तर सुगीला सव्वा किंवा दीड मण परत करावें लागे. तेथेंही कोठार होतें. परंतु त्याची किल्ली सावकाराच्या कमरेला होती. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं दंगा केला आणि पुढें गांवोगांवीं कर्जरोखे हिसकावून जाळण्यांत आले, त्याच्या मुळाशीं हेंच कर्जाचें ओझें होतें. वखार-पावतीचें वैशिष्ट्य हें कीं, धान्य कोठारांत जातें, पण मालकी शेतकऱ्याजवळच राहते.

२. पावती म्हणजे काय?

शेतकरी आपला माल वखारींत आणतो. तेथें त्याचें वजन होतें, नमुना काढून ओलावा, कचरा, फुटका दाणा इत्यादि तपासून त्याची प्रत ठरविली जाते, आणि वखारवाला त्यास पावती देतो. या पावतींत मालाचें नांव, वजन, प्रत, ठेवल्याची तारीख, भाड्याचा दर व विम्याची हकीकत लिहिलेली असते. पावतीचा खरा अर्थ वचन हा आहे. 'इतक्या वजनाचा व इतक्या प्रतीचा माल, जो कोणी ही पावती घेऊन हक्कानें येईल त्यास मी परत देईन,' असें तें वचन होय.

या वचनावर पेढीचा विश्वास बसला, म्हणजे ती पावती तारण ठेवून शेतकऱ्यास कर्ज देते. त्यांतून तो आपलीं निकडीचीं देणीं भागवितो आणि भाव बरा येईपर्यंत थांबतो. पुढें माल विकला कीं कर्ज व व्याज फेडून उरलेली रक्कम त्याच्या पदरीं पडते. पावती हस्तांतरणीय असेल, तर पोतें जागचें न हलवितां नुसत्या पावतीच्या बदलानें माल एकाचा दुसऱ्यास विकतां येतो.

एकाचें धान्य दुसऱ्याच्या धान्यांत मिसळलें तर काय करावें, असा प्रश्न कोणी विचारील. अमेरिकेंतील शिकागो शहरीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याचें उत्तर सांपडलें. तेथें गव्हाच्या प्रती ठरवून दिल्या गेल्या आणि एका प्रतीचा गहूं एकाच मोठ्या कोठारांत एकत्र भरूं लागले. पावतीवाल्यास त्याचेच दाणे नव्हे, तर तितकाच व त्याच प्रतीचा गहूं परत मिळे. पैसे पेढींत ठेविले असतां आपल्याला त्याच नोटा परत मिळत नाहींत, तसेंच हें. मात्र यासाठीं प्रत ठरविणारा मनुष्य निःपक्षपाती असावा लागतो. अमेरिकेंत वखारींवर देखरेख ठेवणारा कायदा १९१६ सालीं झाला.

३. आपल्या देशांतील प्रयत्न

हिंदुस्थानांत परवानाधारक वखारी असाव्यात असा विचार १९२८ सालच्या शेतकी रॉयल कमिशनच्या अहवालापासून चालत आला आहे. परंतु त्यास खरी चालना स्वातंत्र्यानंतर मिळाली. श्री. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामीण पतपाहणी समितीनें १९५४ सालीं अहवाल दिला, त्यावरून १९५६ सालीं कायदा झाला, आणि २ मार्च १९५७ रोजीं मध्यवर्ती वखार महामंडळ स्थापन झालें. त्याची पहिली वखार त्याच सालीं आपल्या विदर्भांत, अमरावती येथें उघडली, ही गोष्ट महाराष्ट्रीयांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. राज्याचें वखार महामंडळही १९५७ सालचेंच.

तथापि वखारी झाल्या तरी पावतीस पेढ्यांकडून मान मिळेना, कारण खोट्या पावतीविरुद्ध सर्व देशभर लागू असा भक्कम कायदा नव्हता. ही उणीव वखार (विकास व नियमन) कायदा, २००७ यानें भरून काढली. तो कायदा २०१० च्या ऑक्टोबरांत अमलांत आला आणि वखारींची नोंदणी व तपासणी करणारें एक प्राधिकरण दिल्ली येथें स्थापन झालें. नोंदलेल्या वखारीस अनामत रक्कम ठेवावी लागते, मालाचा विमा उतरावा लागतो आणि नियमाप्रमाणें दप्तर ठेवावें लागतें. २०१७ सालापासून कागदी पावतीऐवजीं संगणकावरील पावतीची सोय झाली व १ ऑगस्ट २०१९ पासून नोंदलेल्या वखारींना तीच देणें बंधनकारक झालें. कागद फाटतो, हरवतो, त्याची नक्कल होते. एकाच मालावर दोन पेढ्यांकडून कर्ज काढलें जातें. संगणकावरील नोंदींत एकदां बोजा चढला म्हणजे तो दुसऱ्या पेढीसही दिसतो.

महाराष्ट्रांत याहून जुना व गांवाच्या अधिक जवळचा असा एक मार्ग आहे. राज्य कृषि पणन मंडळानें १९९०-९१ सालापासून शेतमाल तारण कर्ज योजना चालविली आहे. बाजार समितीच्या गोदामांत सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा, हळद, बेदाणा इत्यादि माल ठेवला असतां, सामान्यतः त्याच्या किंमतीच्या शेंकडा ७५ पर्यंत कर्ज, शेंकडा सहा व्याजानें, सहा महिन्यांच्या मुदतीनें मिळतें. कांहीं धान्यांस मर्यादा वेगळी असते. ही सोय शेतकऱ्यासाठींच असून व्यापाऱ्याचा माल तींत घेतला जात नाहीं.

४. थोडासा हिशेब

पुष्कळ लोक अशी समजूत करून घेतात कीं, माल ठेविला म्हणजे लाभ झालाच. ती समजूत बरोबर नाहीं. हिशेबासाठीं आपण कांहीं आंकडे कल्पूं. एका शेतकऱ्यानें १० क्विंटल सोयाबीन चार महिने ठेविलें. ठेवतांना भाव क्विंटलास ४,००० रुपये, म्हणजे माल ४०,००० रुपयांचा. त्यावर शेंकडा ७५ प्रमाणें ३०,००० रुपये कर्ज मिळालें. शेंकडा सहा दरानें चार महिन्यांचें व्याज ६०० रुपये. वखारीचें भाडें क्विंटलास दरमहा १० रुपये धरिलें तर ४०० रुपये. गाडीभाडें, हमाली व तोलाई मिळून क्विंटलास ६० रुपये, म्हणजे ६०० रुपये. शिवाय सुकून शेंकडा एक घट आली तर १० किलो माल कमी झाला, त्याचे सुमारें ४०० रुपये. एकूण खर्च २,००० रुपये; म्हणजे क्विंटलामागें २०० रुपये.

याचा अर्थ असा कीं, भाव ४,२०० पर्यंत चढला तर शेतकरी जेथल्या तेथें राहतो. ४,५०० झाला तर त्यास सुमारें २,९५० रुपये अधिक मिळतात. परंतु भाव ३,८०० वर उतरला, तर तो सुमारें ४,००० रुपयांनीं मागें पडतो. पावती थांबण्याची शक्ति देते. भाव चढण्याची हमी ती देत नाहीं.

हें केवळ कागदावरचें गणित नव्हे. २०२१ सालच्या पावसाळ्यांत कांहीं बाजारांत सोयाबीनचा भाव क्विंटलास १०,००० रुपयांच्या वर गेला होता. त्या आठवणीनें पुढील हंगामांत पुष्कळांनीं माल घरांत व गोदामांत राखून ठेविला. पण तसा भाव परत आला नाहीं. २०२४ च्या हंगामांत ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला असतांही अनेक बाजारांत त्याहून कमी दरानें विक्री झाली. सोयाबीन, खाद्यतेल व पेंड यांचे भाव साऱ्या जगाच्या व्यापारावर अवलंबून असतात; आपल्या तालुक्यांतील सुगी संपली म्हणून ते चढतीलच असें नाहीं. म्हणून शहाणा शेतकरी सगळा माल ठेवीत नाहीं व सगळा एकदम विकीतही नाहीं. कांहीं भाग विकून देणीं भागवावीं, कांहीं ठेवावा, आणि किती भावास विकावयाचें हें ठेवतांनाच ठरवावें, हा मार्ग त्यास सुरक्षित असतो.

५. विश्वास कसा मोडतो?

वखारीचा पाया विटांचा नसून विश्वासाचा असतो. तो अनेक प्रकारांनीं ढासळतो.

पहिला प्रकार लबाडीचा. १९६३ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत, बेयॉन येथें, एका तेलाच्या व्यापाऱ्यानें टाक्यांत पाणी भरून वर तेलाचा थर ठेविला. तपासनीस वरून मोजमाप घेत आणि टाकी तेलाचीच आहे असें समजत. त्या पावत्या अमेरिकन एक्सप्रेस या विख्यात कंपनीच्या उपकंपनीनें दिलेल्या असल्यामुळें पेढ्यांनीं डोळे मिटून कर्ज दिलें, आणि शेवटीं १५ कोटि डॉलरांच्या घरांत नुकसान झालें. आपल्याकडे मुंबईंतील नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे व्यवहार ३१ जुलै २०१३ रोजीं थांबले, तेव्हां सुमारें १३,००० गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटि रुपये अडकले आणि ज्या मालाच्या पावत्यांवर पैसे दिले होते, तो पुष्कळसा माल गोदामांत नव्हताच असें आढळून आलें. या प्रकरणांत पैसे शेतकऱ्यांचे नव्हते. पण अशा बातमीनें पावती या शब्दावरचाच विश्वास उडतो आणि त्याची झळ प्रामाणिक शेतकऱ्यासही लागते.

दुसरा प्रकार निसर्गाचा व हलगर्जीपणाचा. सांगलीजवळ हरिपूर येथें हळद जमिनींतील पेवांत ठेवण्याची जुनी रीत आहे. खोल, कोरड्या पेवांत हळद वर्षानुवर्षें निर्धोक राहत असे व त्यामुळें सांगलीच्या बाजाराची कीर्ति झाली. परंतु २००५ सालच्या कृष्णेच्या महापुरांत तीं पेवें पाण्याखालीं जाऊन फार मोठी हानि झाली. पूर नसला तरी ओलावा, उंदीर, घुशी व सोंडे यांचें काम चालूंच असतें. सोयाबीनमध्यें शेंकडा १२ हून अधिक ओलावा राहिला तर तें तापतें व त्यास बुरशी येते. कडधान्यांत भुंगा शेतांतूनच दाण्याबरोबर येतो. थप्पीखालीं लांकडी फळ्या नसल्या, भिंतीपासून पोतीं दूर नसलीं, धुरी वेळेवर दिली नाहीं, तर पावतीवरील प्रत आणि पोत्यांतील प्रत यांत अंतर पडूं लागतें.

तिसरा प्रकार दिरंगाईचा. पूर्व आफ्रिकेंतील टांझानिया देशानें २००५ सालीं वखार-पावतीचा कायदा केला आणि २००७ पासून काजूच्या व्यापारास ती पद्धत लागू केली. आपल्या गोवें व कोंकणच्या काजूकारखान्यांत आफ्रिकेचा कच्चा काजू येतो, त्यामुळें हा प्रश्न आपल्यास अगदींच परका नाहीं. तेथें शेतकरी संस्थेकडे काजू देई, त्यास प्रथम कांहीं रक्कम मिळे आणि लिलांवानंतर बाकीची मिळावयाची असे. लिलांवामुळें भाव उघड झाला, हा लाभ खरा. पण दुसरा हप्ता उशिरां किंवा कमी येऊं लागला आणि मधल्या कपाती वाढल्या, तेव्हां असंतोष माजला. २०१३ सालीं लिवाले भागांत दंगेही झाले. सांगण्याचें तात्पर्य इतकेंच कीं, शेतकऱ्यास पावतीहूनही पैसा वेळेवर व पुरता हातांत येण्याचें महत्त्व अधिक वाटतें, आणि तें योग्यच आहे.

६. ही व्यवस्था टिकावी कशी?

वखार चालविण्यास खर्च येतो. पहारेकरी, तपासनीस, विमा, धुरी, इमारतीची दुरुस्ती, या सर्वांचा भार पोत्यांवर पडतो. वखार वर्षांतील बहुतेक दिवस भरलेली असेल तर तो भार हलका होतो. अर्धी रिकामी असेल तर भाडें वाढवावें लागतें किंवा सरकारच्या साहाय्यावर जगावें लागतें. साहाय्य आटलें कीं अशी वखार बंद पडते. म्हणून एकाच पिकावर अवलंबून न राहतां खरिपाचें सोयाबीन व तूर, रब्बीचा हरभरा, उन्हाळ्यांतील हळद असा क्रम जेथें लागतो, तेथें वखार अधिक टिकाव धरते.

दुसरें असें कीं, लहान शेतकऱ्याचीं पांच-दहा पोतीं दूरच्या वखारींत नेण्यास परवडत नाहीं. हिशेबांत आपण पाहिलेंच कीं, गाडीभाडें व हमाली यांचा खर्च व्याजाइतकाच होतो. याला उपाय एकोप्याचा. गांवची सोसायटी किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांनीं वीस घरांचा माल एकत्र केला, गांवांतच वाळविला, चाळणी करून एका प्रतीचा केला, म्हणजे खर्च वांटला जातो व पेढीसही एक मोठें कर्ज देणें सोपें जातें. पेढ्यांची भीति कमी व्हावी म्हणून केंद्र सरकारनें २०२४ च्या डिसेंबरांत १,००० कोटि रुपयांचा पतहमी निधि जाहीर केला. तो उपयुक्त आहे. परंतु हमीनें बुडालेलें कर्ज भरून निघतें, कुजलेलें धान्य नव्हे.

तिसरी गोष्ट राज्यकर्त्यांच्या हातची. भाव चढूं लागतांच निर्यातबंदी किंवा सांठ्यावर मर्यादा यावी, हें शहरांतील गरिबांच्या दृष्टीनें कधीं आवश्यक असेल. पण असे निर्णय अकस्मात् झाले तर चार महिने थांबलेल्या शेतकऱ्याचा हिशेब एका रात्रींत उलटतो. खाणाऱ्याचें हित आणि पिकविणाऱ्याचें हित या दोहोंचा विचार आधीं जाहीर केलेल्या नियमांनीं व्हावा, इतकी अपेक्षा गैर नाहीं.

आणि शेवटची गोष्ट शिक्षणाची. पावतीवरील मजकूर ज्यास वाचतां येत नाहीं, त्याच्या हातीं उत्तम कायदाही निरुपयोगी ठरतो. वजन बरोबर लिहिलें कीं नाहीं, ओलाव्याचा आंकडा काय, भाडें कोणत्या तारखेपासून, विमा कशाकशाचा, मुदत केव्हां संपते, हे पांच प्रश्न प्रत्येक पावती हातीं घेतांना विचारले पाहिजेत. आपल्या शाळेंतील आठवी-नववीचा मुलगा किंवा मुलगी हें काम वडिलांच्या शेजारीं उभें राहून सहज करूं शकेल. आम्ही वर्गांत सरळव्याज शिकतों, शेंकडेवारी शिकतों, तें परीक्षेपुरतेंच नसावें. पवित्र शास्त्रांत खोट्या तागडीचा धिक्कार केलेला आहे; तागडी खरी आहे कीं नाहीं हें पाहण्याचें शिक्षण घरोघर पोंचविणें हेंही त्याच धर्माचें अंग होय. पावती वाचणारा मुलगा किंवा मुलगी ज्या घरांत आहे, त्या घराच्या कोठाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला सहसा जात नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) वरील उदाहरणांत माल सहा महिने ठेविला आणि घट शेंकडा दोन आली, तर किती भावास विकला असतां शेतकऱ्याचें नुकसान होणार नाहीं?
(२) सावकाराचें सवाई-दिढीचें धान्य आणि वखारीच्या पावतीवरील कर्ज यांत मालकीच्या दृष्टीनें काय भेद आहे?
(३) बेयॉन येथील टाक्यांची तपासणी तुम्ही कशी केली असती?
(४) तुमच्या गांवापासून जवळची वखार किंवा बाजार समितीचें गोदाम किती अंतरावर आहे? तेथें भाडें, व्याज व मुदत काय आहे, याची चौकशी वडीलधाऱ्यांबरोबर करून वहींत टिपण करा.